काँक्रीटचा स्वभाव

भात कापून झालं की आमच्याकडे शेत रिकामं ठेवत नाहीत. जमिनीत ओल आहे तोवर वाल पेरतात. त्याला वरून पाणी नाही, लाडकोड नाहीत. भातानं मागे ठेवलेली ओल आणि पहाटेचं दव, एवढ्यावर तो उठतो आणि संक्रांतीच्या पुढेमागे शेंगांनी लवतो. परवा पेणहून रोह्याला जात होते. डोलवीच्या पोलाद कारखान्याची धुरांडी मागे पडली आणि गडबच्या पुढे एसटीच्या खिडकीतून दिसलं, वाल फुलावर आलाय. ऊन अजून कोवळं होतं. शेताच्या बांधावर एक बाई पाठीवर हात टेकून उभी होती, कमरेत चमक भरल्यासारखी. बस पुढे गेली, पण मी तिथेच राहिले. दरवर्षी असंच होतं. वाल फुलला की मला माझा एम.टेक.चा शेवटचा हिवाळा आठवतो, आणि त्याचा वास येतो: भिजवलेले वाल, सिमेंटची धूळ आणि तापलेल्या लॅपटॉपची हवा.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. आमच्या घरात दहावीची वेस ओलांडणारी मी पहिली. हे मी लाजत सांगत नाही आणि उगाच नम्र होऊनही सांगत नाही. आईनं लोकांच्या शेतावर लावण्या केल्या, बाबांनी लोकांची घरं बांधली, आणि त्यातून मी शिकले. तेव्हा मान ताठ ठेवण्याचा हक्क मला आहे असं मी समजते.

माझं काम काय, हे आईला समजावताना मी एकदा म्हटलं होतं, "आई, पूल संगणकात काढायचा, त्याचे हजारो बारीक तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला स्वभाव द्यायचा, मग वर ओझं ठेवायचं आणि विचारायचं, बाबा रे, कुठे वाकतोस, कुठे फाटतोस?"

आई म्हणाली, "आणि तो खरं बोलतो व्हय?"

इतक्या वर्षांत एवढा नेमका प्रश्न मला कुठल्याही परीक्षकानं विचारलेला नाही. कारण तुकडे करणं सोपं असतं, ओझं ठेवणंही सोपं. सगळं अडतं ते स्वभावाशी. त्यालाच आमच्या भाषेत मटेरियल मॉडेल म्हणतात. लोखंडाचा स्वभाव सरळ आहे, ओढा किंवा दाबा, ते सारखंच वागतं. काँक्रीटचं तसं नाही. दाबलं तर डोंगर आणि ओढलं तर पेणचा पापड. त्याला कुठला स्वभाव द्यायचा, यावर उत्तर फिरतं.

त्या हिवाळ्यात ते उत्तर आमच्या वाडीला हवं होतं.

आमची वाडी रोह्याच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून आत. मध्ये एक पऱ्या आहे. पावसाळ्यात तो म्हैस वाहून नेईल, आणि वालाच्या दिवसांत त्यात घोटे बुडतात न बुडतात. त्यावर सहा मीटरचा साकव. दोन काठांना दगडी बांधकाम, वर काँक्रीटचा एकच सपाट स्लॅब. हा स्लॅब माझ्या बाबांनी ओतला होता. मी तेव्हा पाच वर्षांची असेन. बाबा गवंडी. पुढे ते डोलवीला कंपनीत ठेकेदाराकडे लागले, पण वाडीत आजही त्यांना मिस्त्री म्हणूनच हाक मारतात; नामा म्हणणारे एकदोघेच.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि स्लॅबच्या पोटाला आडवी भेग दिसू लागली. या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि तिच्यातून पांढरा चुना पाझरलेला. सरकारी ऑफिसातून एक साहेब आले. त्यांनी खाली वाकून फोटो काढले आणि पत्र्याचा बोर्ड लावला: साकव धोकादायक, वाहनांस बंद. जाताना सांगून गेले, महिन्याभरात काही ठोस कागद आला नाही तर माणसांनाही बंद करावा लागेल. वळसा पाच किलोमीटरचा. शाळा पलीकडे, दवाखाना पलीकडे, आणि शेंगांच्या टोपल्या घेऊन बायका सकाळी ज्या टेंपोत बसत तो टेंपोही आता पलीकडेच थांबायचा.

हे झालं वाडीचं. आमच्या घराचं दुखणं वेगळं होतं. दुकानाच्या फळीवर बसून कोणीतरी बोललाच, "मिस्त्रीच्या पोरीची कॉलेजची फी कुठून निघाली ते आता दिसाय लागलं. सिमेंटात वाळू जास्त, नि वाळूत पोरगी इंजिनेर."

बाबा तिथेच विडी पेटवत होते. त्यांनी काडी विझवली आणि घरी आले. मला वाटलं होतं ते भांडतील. ते गप्प राहिले ते मला जास्त झोंबलं.

मी दुसऱ्या दिवशी पेणला जाऊन सरांना सांगितलं, माझ्या प्रबंधाला हाच साकव घेणार. सर म्हणजे माझे मार्गदर्शक. कॉलेजात शिकवत आणि पेणमध्ये एका पोह्यांच्या दुकानावर त्यांचं छोटं ऑफिस होतं. खालून भाजक्या पोह्यांचा वास वर यायचा आणि सर कमी बोलायचे. ते म्हणाले, "घे. पण बाप निर्दोष आहे हे सिद्ध करायला घेणार असशील तर घेऊ नको. सॉफ्टवेअरला काँक्रीट माहीत नसतं. तू सांगशील ते काँक्रीट."

मी हो म्हटलं. मनात मात्र तेच होतं, बाप निर्दोष.

पहिल्यांदा मी सगळ्यात सोपा स्वभाव दिला. जेवढं ओझं तेवढं वाकणं, ओझं काढलं की पूर्ववत. फाटणं त्याच्या नशिबी नाहीच. पडद्यावर स्लॅबचा सगळा तळ लालभडक झाला. काँक्रीट सोसू शकतं त्याच्या कितीतरी पट ओढ तिथे दिसत होती.

"सर, हा पडणार."

सरांनी चष्मा वर केला. "अठरा वर्षं कोणाच्या आधारानं उभा आहे मग? फाटल्यावर ती ओढ सळई उचलते. तू या काँक्रीटला फाटायची परवानगीच दिली नाहीस, म्हणून ते बिचारं सगळं अंगावर घेतंय."

ते मॉडेल वाईट नव्हे. आजही रोजच्या कामात मी तेच पहिल्यांदा वापरते, आणि बऱ्याचदा तेवढंच पुरतं. नव्या पोरांना वाटतं की अवघड मॉडेल म्हणजे खरं मॉडेल. भाकरी थापायला परात लागते, कढई कितीही महाग असली तरी तीत भाकरी थापता येत नाही. प्रश्न काय आहे ते आधी ठरवायचं. माझा प्रश्न भेगेचा होता, म्हणून भेग ओळखणारं मॉडेल मला हवं होतं.

मग दुसरा स्वभाव. हा गोधडीसारखा. जुनी गोधडी एकदम फाटत नाही, जागोजागी विरते. विरली तरी ऊब देते, पण पहिल्याइतकी नाही. काँक्रीटही तसंच थोडं थोडं हार मानतं, आणि किती मानलं याची नोंद हे मॉडेल ठेवतं. त्याला खूप गोष्टी सांगाव्या लागतात: दाबात किती टिकतं, ओढीत किती, भेग पूर्ण उघडायला किती ऊर्जा लागते. ही शेवटची गोष्ट विसरलात तर तुकडे जितके बारीक कराल तितकं काँक्रीट ठिसूळ होत जातं. खऱ्या साकवाला काय ठाऊक, संगणकात त्याचे तुकडे किती केलेत!

त्या दिवसांत माझी बस सकाळची असे. वडखळच्या नाक्यावर अलिबागकडे वळणाऱ्या गाड्यांच्या गोंधळात ती अडकून राहायची, आणि शेंगावाल्या बायका खिडकीशी टोपली उंच धरायच्या. "घे गो, कवळ्या हायत, शेंगा भाजाय भांबुर्ड्याचा पाला फुकट देते." मी मांडीवर लॅपटॉप ठेवून आकडे बदलत बसायचे. शेजारच्या माणसानं एकदा पडद्यावरचा रंगीत साकव पाहून विचारलं, "गेम हाय काय?" मी म्हटलं, "व्हय. हरले तर पाच किलोमीटर चालायचं."

साकवाचं काँक्रीट आम्ही तपासलं. हातोडीसारख्या यंत्रानं पृष्ठभाग ठोकून पाहिला, दोन ठिकाणी गोल गाभे काढून प्रयोगशाळेत दाबून फोडले. काँक्रीट चांगलं निघालं. चांगलं म्हणजे अपेक्षेहून चांगलं. मी ते आकडे बाबांना मोठ्यानं वाचून दाखवले, आई ऐकेल अशा बेतानं, आणि शेजारीही ऐकतील अशा बेतानं.

"वाळू नाय निघाली ना?" आई म्हणाली.

"नाही निघाली."

बाबा जेवत होते. त्यांनी भात कालवला आणि खाली बघत राहिले. मला वाटलं, भरून आलं असेल.

पण घोडं अडलं होतं. चांगल्या काँक्रीटचा तो साकव संगणकात वाकवला की मधल्या भागात केसासारख्या बारीक भेगा विखरून यायच्या, जशा कुठल्याही स्लॅबला येतात. खऱ्या साकवाला मध्ये काहीच नव्हतं. त्याला एकच ठसठशीत भेग होती, आणि ती वाडीच्या बाजूनं दोन मीटरवर. मी ओढीची ताकद कमी केली, भेग मधोमध. ऊर्जा कमी केली, मधोमध. सळया बदलल्या, टेकू हलवले. ती आपली मधोमध यायची आणि खरी भेग तिकडे दोन मीटरवर मला हसायची.

पंधरा दिवस गेले. मग एका दुपारी मी दोन मीटरवरची एक रांग निवडली आणि तेवढ्याच तुकड्यांचं काँक्रीट कमकुवत करून टाकलं. अगदी अर्ध्यावर आणलं. चालवून पाहिलं, आणि भेग बरोबर तिथे! मी खुर्चीतून उठलेच. सरांना हाक मारली.

सरांनी पाहिलं. "तिथलंच काँक्रीट कमकुवत का?"

"माहीत नाही."

"गाभा काढला होतास तिथे?"

"त्याच्या शेजारी. चांगला निघाला."

"म्हणजे भेग तुला सापडली नाही. तू ती काढलीस. रांगोळीसारखी." मग शांतपणे त्यांनी टेंपोचं ओझं ठेवून तेच मॉडेल पुन्हा चालवलं. स्लॅब त्या रांगेत मोडला. "आता हा कागद दे ऑफिसात. साकव कायमचा बंद, आणि मिस्त्रीनं तिथे कच्चा माल वापरला असंही तूच सही करून दिलंस."

खालून पोह्यांचा वास येत होता. मला त्या दिवशी तो सहन होईना. महिना संपायला आठ दिवस होते.

रविवारी बाबांची सुट्टी होती. पडवीत आम्ही तिघं मोड आलेले वाल सोलत बसलो होतो. गेल्या सालचे वाल, दोन दिवस भिजवून बांधून ठेवलेले. कोमट पाण्यातून एकेक काढायचा, चिमटीत दाबायचा, की डाळिंबी टुपकन बाहेर. बाबांचे हात सिमेंटनं खरखरीत झालेले, पण सोलण्यात ते आईलाही मागे टाकायचे. माझ्यापुढचा ढीग तसाच होता.

"काय गो, वाल सोलतेस का मोजतेस?" आई म्हणाली.

मी म्हटलं, "आई, भेग मध्ये यायला पाहिजे. ती वाडीकडच्या बाजूला कशी गेली तेच कळत नाही. काँक्रीट चांगलं, सळई चांगली. मग तिथेच का?"

बाबांचा हात पाण्यात थांबला. "वाडीकडून किती?"

"दोन मीटर."

"साडेसहा फूट," ते म्हणाले. "दुपारपोत तेवढंच झालं व्हतं."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. आईनं बघितलं नाही, ती सोलत राहिली.

मग बाबांनी सांगितलं. त्या दिवशी सकाळी वाडीच्या बाजूनं ओतायला सुरुवात केली होती. बारा माणसं, हातानं माल कालवायचा, घमेली एकामागून एक. अकराच्या सुमाराला निरोप आला की गिरणीवाल्या हसनचाचांची आई गेली. हसनचाचांचं घर साकवापलीकडे. वाडीच्या त्या टोकाला मुसलमानांची तीनच घरं, आणि तिन्ही घरांतले कर्ते पुरुष तेव्हा आखातात. घरी म्हातारे नि बायका. माती त्याच दिवशी द्यायची, आणि कबर खोदायला ना माणूस ना हत्यार.

"फावडी, टिकाव सगळे आमच्याजवळ. आणि आमच्याकडं मयत झालं की हातातलं काम खाली ठेवायचं, मग ते कोणाचं का असंना. मी बोललो, ठेवा घमेली. जेवढा माल पडला व्हता तेवढा सारखा केला नि आम्ही गेलो. माती देऊन, अंघोळी करून येईपोत सांज. दुसऱ्या दिवशी सकाळी पुढला माल त्याला टेकवून ओतला."

"टेकवून? आधीची कड खरवडली नाही? वर सिमेंटचं पाणी मारलं नाही?"

"नाय." बाबांनी हात पंच्याला पुसले. "मला कुठं ठाऊक व्हतं पोरी? माल मालाला चिकटतो, एवढंच शिकलो व्हतो. पाच वर्सांनी कंपनीत लागलो तवा एका सुपरवायझरनं जुन्या कडेवर छिन्नी चालवाय लावली. बोलला, मिस्त्री, नाय खरवडलं तर हे दोन वेगळे दगड राहतील. माझ्या हातातली छिन्नी तिथंच थांबली. तवापासून साकवावरून जाताना त्या जागेवर पाय नाय ठेवत मी. लांब ढांग टाकतो."

"मग बोलला का नाहीत? लोक सिमेंट खाल्लं म्हणतात तुम्हाला!"

"काय बोलू? हसनची आई मेली म्हणून साकव फाटला, असं बोलू? त्या माउलीवर खापर फोडू? आणि हसनला काय वाटंल, मिस्त्री मातीचे उपकार सांगत फिरतोय. तो तवा दुबईत व्हता, त्याला यातलं काय ठाऊक नाय. आणि चूक तर चूकच हाय. थांबलो ती नाय चूक. दुसऱ्या दिवशी तसंच पुढं गेलो, ती."

आई आता बोलली. "मला ठाऊक व्हतं. त्या दिवशी बारा माणसांचं जेवण मी रांधलेलं. कोणी तोंडात घास नाय घातला, सगळं परत आणलं."

मी कॉलेजात सहा वर्षं शिकले. पुस्तकात काँक्रीटच्या स्वभावावर समीकरणं असतात, आलेख असतात. ते ओतणाऱ्याला त्या दिवशी कोणाच्या मयताला जावं लागलं, यासाठी एकही चिन्ह नाही. आणि आमच्या साकवाचा तर सगळा स्वभाव तिथेच ठरला होता.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. त्यांनी पहिल्यांदाच स्वतः उठून दोन चहा मागवले. "आता निवड मॉडेल," म्हणाले. "काँक्रीटला दोष देऊ नको. ते आहे तसं राहू दे. जोडाला त्याचा स्वतःचा स्वभाव दे."

तसं केलं. सगळ्या स्लॅबला चांगलं काँक्रीट, आणि दोन मीटरवर एकच पातळ पडदा. दाबलं तर पलीकडे दाब पोचवणारा, ओढलं तर लगेच उघडणारा, सरकवलं तर घासून अडवणारा. खालून सळया त्यातून सलग गेलेल्या. चालवलं. अगदी हलक्या ओझ्यालाच जोड उघडला, बरोबर खऱ्या भेगेच्या जागी. आणि मग काही झालं नाही. सळईनं ओढ घेतली, वरच्या अंगानं दाब घेतला, बाकीचा स्लॅब निवांत. टेंपोसुद्धा गेला. भेग खरी होती, पण तिच्यामुळे स्लॅबची ताकद फारशी गेली नव्हती. भीती होती ती तिच्यातून झिरपणाऱ्या पाण्याची आणि सळईच्या गंजाची. आम्ही जोडाखालचं काँक्रीट थोडं फोडून पाहिलं. सळईला तांबूस गंज होता, जाडी मात्र जवळजवळ पूर्ण होती.

अहवाल लिहायला बसले. सरांचा नियम होता की मॉडेलला दिलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे ती कुठून आली ते लिहायचं. ताकद: गाभ्याची चाचणी. सळई: फोडून मोजली. जोडाची जागा आणि प्रकार: इथे पेन अडलं.

बाबांना विचारलं. "तुमचं नाव लिहावं लागेल. सरकारी कागद आहे, कायम राहील. नाही लिहिलं तर साहेब म्हणतील, पोरीनं मनानं जोड कल्पून बापाला सोडवलं."

ते दुसऱ्या पाळीला निघाले होते. डबा पिशवीत घातला, चपला घातल्या, आणि "बघू" म्हणून गेले. पुढचे तीन दिवस त्यांनी विषय काढला नाही. ठेकेदाराच्या हाताखाली रोजावर काम करणाऱ्या माणसाची इस्टेट म्हणजे त्याच्या हाताचं नाव. ते मी कोणत्या तोंडानं मागणार? मी रकाना रिकामा ठेवून अहवाल दिला.

साहेब कागदावर राजी होईनात. म्हणाले, ओझं ठेवून प्रत्यक्ष दाखवा. त्यातही ते चुकीचे नव्हते. खाली टेकू लावायचे, स्लॅबला न टेकणारे, बोटभर फट ठेवून. म्हणजे तुटलाच तर त्यावर बसेल. वर चोवीस तास ओझं. पण एवढं मोजलेलं ओझं आणायचं कुठून?

हसनचाचा आखातातून परतून आता गिरणी चालवत होते. मोसमाचं भात त्यांच्याकडे पोत्यांनी रचलेलं. मी भीत भीत गेले. ते दाढीत हसले. "बेटा, माझं अख्ख्या सालाचं भात पऱ्यावर ठेवतेस? बुडालं तर मासे बिर्याणी खातील."

"बुडणार नाही, चाचा."

"तू सांगतेस की तुझा कंपूटर?"

"मी सांगते."

"मग ने."

एकेक पोतं वजन करून नेलं. वाडीतल्या पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे काठावर. साकवाखाली घड्याळासारखं एक यंत्र लावलं होतं, त्याचा काटा स्लॅब किती खाली जातो ते दाखवतो. माझ्या मॉडेलनं दीड मिलिमीटर सांगितलं होतं. पोती रचताना काटा सरकत होता आणि मी आकडे मोठ्यानं वाचत होते. एक. एकावर थोडं. शेवटची रांग रचली तेव्हा दीडच्या किंचित पुढे जाऊन तो थांबला. सर वाकून बघत होते. "तुझ्या आकड्याहून जास्त," म्हणाले, आणि मग माझा चेहरा बघून, "घाबरू नको. अगदी जुळला असता तर मला संशय आला असता."

दुसऱ्या दिवशी सकाळी, दव वाळायच्या आत, पोती उतरवायला सुरुवात झाली. नियम असा की ओझं काढल्यावर वाकलेलं तीन चतुर्थांश तरी परत यायला हवं. बाबा रात्रपाळी करून थेट तिथेच आले होते, कंपनीच्या निळ्या शर्टात. पोत्यामागून पोतं उतरलं. काटा मागे, मागे, आणखी मागे. शेवटचं पोतं बाबांनीच खांद्यावर घेतलं. मी खाली पाण्यात उभी राहून आकडा वाचला, दोनदा वाचला, आणि वर ओरडले.

साहेब मोकळ्या मनाचे निघाले. "माणसांना आजपासून खुला. जोड भरून, सळईला संरक्षण देऊन घ्या, मग टेंपोचंही बघू." काठावर कोणीतरी शिट्टी मारली. साहेबांनी जीपच्या बोनेटवर अहवाल उघडला, सही करायला पेन काढलं आणि थांबले. "मॅडम, जोडाची माहिती कोणाकडून, हा रकाना कोरा आहे. एवढ्यावरच तर सगळं उभं आहे."

मी तोंड उघडायच्या आत बाबा पुढे आले. खांद्यावर भाताचं तूस चिकटलेलं.

"माझ्याकडून. स्लॅब मी ओतला. जोड माझा हाय."

साहेबांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "असा मध्येच का थांबलात?"

"मयत व्हतं."

हसनचाचा पोती मोजत होते. तिथूनच म्हणाले, "कोणाचं रे, नामा?"

बाबा पोत्याच्या तोंडाची सुतळी घट्ट करत बसले. ती आधीच घट्ट होती. शेवटी आईच बोलली, डोक्यावरचा पदर सारखा करत. "तुमच्या आईचं, हसनभाई. फावडी तिकडं लागली ना."

हसनचाचांनी पोती मोजणं सोडलं. मग साकवावर आले, त्या दोन मीटरवर, आणि खाली बसून हातानं ती रेघ चाचपली. "फोनवर मला एवढंच सांगितलं होतं, गावानं सगळं नीट केलं," ते म्हणाले. "गाव म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही. माझी आई यात होती आणि मी वरून गाडी नेत होतो." मग माझ्याकडे वळले. "बेटा, त्या रकान्यात कारण पण लिहितात?"

"लिहिता येतं, चाचा."

"मग लिही. हलिमाबी."

साहेब संकोचून म्हणाले, "अहो, टेक्निकल रिपोर्ट आहे हा. यात हे कशाला?"

"लिवू द्या, साहेब," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज इतका मोकळा मी कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. "माल का थांबला ते लिवलं नाय, तर पुढं हिच्यासारखी कोण पोरगी येईल तिला समजंल कसं?"

मी साहेबांच्या हातातलं पेन घेतलं. आधी बाबांचं नाव लिहिलं, पुढे गवंडी असं लिहिलं, मग त्या दिवसाचं लिहू लागले. एका बाजूनं बाबा सांगत होते, एका बाजूनं आई दुरुस्त करत होती, आणि हसनचाचा मध्येच विचारत होते, मग, मग पुढे? रकाना पुरला नाही. मी पान उलटलं.